सीताफळाचा गर खावा, बी डोळ्यांपासून लांब ठेवावी

पाऊस ओसरला, अश्विन लागला की मांजरसुंब्याच्या घाटात सीताफळं डोळे उघडतात. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता जिथं मिळतात, त्या बाजूला सीताफळाच्या पाट्या दिसू लागतात. कपिलधारच्या बाजूच्या डोंगरांतही तीच झाडं. बालाघाटाच्या या मुरमाड रानात सीताफळ टिकलं, कारण त्याचा पाला शेळ्या खात नाहीत. बाकी सगळं चरून जातं, हे झाड उरतं. नावात सीता असली तरी झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पण आता ते आपलंच झालंय. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

मानांकन मिळालं तरी डोंगर चढणारे पाय आपल्या मायबहिणींचे आणि पोरांचेच. आणि घरात एक रीत पडून गेली आहे: मोठं फळ विकायला, फुटकं पोरांना, आईला काहीच नाही. आमचं म्हणणं एवढंच, की पाटीतली दोन चांगली फळं घरी ठेवा. पुढं कोयता घेऊन कारखान्याला जायचंय, तिथं फळ कोण देणार आहे?

फळावरच्या खवल्यांमधल्या खाचा रुंद होऊन पांढरट-पिवळ्या दिसल्या, की फळ उतरवायला आलं. ते घरात गवतात किंवा पेंढ्यात ठेवलं की दोन-चार दिवसांत मऊ होतं. डोळे न उघडलेलं फळ लवकर तोडलं तर ते काळं पडून कडक राहतं, खाण्याच्या कामाचं नाही. पाखरानं किंवा वटवाघळानं उष्टावलेलं, आंबूस वास येणारं फळ स्वस्तात पडतंय म्हणून पोराला देऊ नका. शंभर ग्रॅम गरात साधारण शंभर उष्मांक असतात, आणि ते बहुतेक साखरेचे. म्हणजे थकलेल्या अंगाला ताकद मिळते. सीताफळानं रक्त वाढतं असं बायका आम्हाला सांगतात. एकट्या सीताफळानं वाढत नाही. त्यातलं क जीवनसत्त्व डाळी-भाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं, म्हणून जेवणासोबत किंवा लगेच नंतर खाल्लेलं बरं. साखरेचा आजार असेल त्यांनी अख्खं मोठं फळ एका बैठकीला संपवू नये.

आता बियांकडं येऊ, कारण खरा धोका तिथं आहे.

अख्खी बी चुकून गिळली तर घाबरू नका. तिचं कवच टणक असतं, ती तशीच शौचावाटे बाहेर पडते. पण चार वर्षांच्या आतल्या लेकराला बिया काढूनच गर द्या. बी घशात किंवा श्वासनळीत अडकली तर श्वास कोंडतो. आणि बी फोडली, वाटली, की तिच्यातलं विष मोकळं होतं.

तरीही वाटली जातेच, उवांसाठी. सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावायची, कापड बांधून ठेवायचं, हा उपाय आपल्या वस्त्यांत आजीपासून चालत आलाय. उवा मरतात, हे खरं आहे. पण कशानं मरतात ते समजून घ्या. बियांतली द्रव्यं पेशीला ताकद मिळण्याचं कामच बंद पाडतात. उवेची पेशी असो की माणसाच्या डोळ्याची, त्यांना फरक कळत नाही. घामासोबत, डोकं धुताना पाण्यासोबत ती पूड डोळ्यात उतरते आणि बुबुळावरची काचेसारखी पातळ साल सोलून निघते.

त्रास लगेच होत नाही, म्हणून फसगत होते. काही तासांनी डोळा आग-आग करतो, लाल होतो, पापण्या सुजतात, पाण्याची धार लागते, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं. घरचे म्हणतात, डोळे आले. डोळे आल्यावर चिपडं येतात, कचकचतं, पण डोळाच उघडता येऊ नये इतकी कळ सहसा नसते. अशी कळ असेल तर आधी विचारा, काल डोक्याला काय लावलं होतं? दवाखान्यातही हे आपणहून सांगा. उवा झाल्या म्हणायला लाज वाटते, म्हणून बायका पुडीचं नाव काढत नाहीत आणि डॉक्टरला कारण कळत नाही. उवा डोक्याला डोकं लागून पसरतात. रोज न्हाणाऱ्या घरातही होतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पूड डोळ्यात गेली तर डोळा चोळायचा नाही. स्वच्छ पाण्याची बारीक धार धरून पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा, पापणी उचलून आतूनही. घड्याळ बघून धुवा, कारण दोन मिनिटंसुद्धा खूप वाटतात. केसांतली पूड डोकं मागं झुकवून धुवा, म्हणजे पुन्हा डोळ्यात उतरणार नाही. दूध, मध, तूप, आईचं दूध, यातलं काहीही घालू नका. मेडिकलवरून मागून आणलेले थेंब तर नकोच. त्यांत स्टिरॉइड असलं तर जखमेत जंतू जास्त माजतात. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बीडच्या जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे. वेळेवर उपचार झाले तर ही साल बहुधा काही दिवसांत भरून येते. अंगावर काढलं तर जखम चिघळते आणि डोळ्यात फूल पडतं. ते मग जन्मभर राहतं.

मग उवांचं काय करायचं? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बारीक दातांची फणी. केस ओले करून, तेल लावून, बट-बट सोडवत मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवा. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. लिखांतून आठ-दहा दिवसांत नवी ऊ निघते, म्हणून एकदाच करून भागत नाही. औषध लावायचं तर एक टक्का परमेथ्रिनचं लोशन आरोग्य केंद्रात विचारून घ्या. दहा मिनिटं ठेवून धुवायचं, आठवड्यानं पुन्हा लावायचं. डोळे फडक्यानं झाकून घ्यायचे. घरात ज्यांना उवा आहेत त्या सगळ्यांचं एकाच दिवशी करा. रॉकेल आणि पिकावरचं औषध डोक्याला लावू नका.

गर काढून विकणाऱ्या बायांनीही बिया चुरडलेल्या हातानं डोळा पुसू नये. आणि एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते ती इथं उघड लिहितो. दिवस राहिले म्हणून सीताफळाच्या बियांची पूड पोटात घेणं किंवा अंगात ठेवणं हा जिवाशी खेळ आहे. गर्भपात कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत, आणि ठराविक स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत करता येतो, सरकारी रुग्णालयातही. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही.

रानात पोरं एकटी सुटतात तेव्हा सीताफळाबरोबर दुसरंही तोंडात जातं. बांधावर लावलेला मोगली एरंड, त्यालाच चंद्रज्योत म्हणतात, याची बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते. एकानं खाल्ली की दहा जण खातात, आणि शाळेतली मुलं एकदमच उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात न्यावी लागल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून अनेकदा आल्या आहेत. धोतऱ्याचं काटेरी फळ खाल्लं की तोंड कोरडं पडतं, पोर बडबडायला लागतं. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी पोरं खेळायला घेतात, ती हृदयावर जाते. लाल-काळी गुंजही चावायची नाही. असं काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढू नका. त्या झाडाचं पान किंवा बी सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा.

सीताफळाच्या दिवसांत दगडा-गवतात नाग, मण्यार, घोणस, फुरसं असतं. पायात बूट, हातात काठी, आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरायचं. चावलं तर दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथं फुकट मिळते.