गिटारचे पहिले स्वरमेळ

गिटार हें परदेशीं वाद्य. तें आपल्या मुलांस कसें साधणार, अशी शंका पुष्कळ पालकांच्या मनांत येते. आमच्या मतें ती निराधार आहे. हिंगणीसारख्या गांवीं भजनांत एकतारी ऐकत वाढलेल्या मुलाचा कान या विद्येस आधींच अनुकूल झालेला असतो.

तंबोऱ्याच्या तारा न दाबतां मोकळ्याच छेडतात व त्यांतून गायकास स्वरांचा आधार मिळतो. गिटारच्या प्राथमिक स्वरमेळांतहि मोकळ्या तारांचाच मोठा आधार असतो. सहा तारांपैकीं कांहीं मोकळ्या ठेवून व कांहीं पडद्यांपाशीं दाबून निदान तीन निरनिराळे स्वर एकदम वाजविले म्हणजे स्वरमेळ होतो; यासच कॉर्ड म्हणतात. गोव्यांत मांडो गातांना व्हायोलिन व घुमट यांच्या जोडीस गिटार असली, म्हणजे ती हेंच काम करिते.

सर्वांत बारीक तार ती पहिली व सर्वांत जाड ती सहावी. तारा प्रचलित रीतीनें लावून डाव्या हाताच्या मधल्या बोटानें पांचवी व अनामिकेनें चौथी तार दुसऱ्या पडद्यापाशीं दाबावी. उरलेल्या चार मोकळ्या ठेवाव्या. हा ई मायनर. सहाव्या तारेचा स्वर षड्ज मानिल्यास क्रमानें सा, प, सा, कोमल ग, प, सा असे ध्वनि निघतात. तारा सहा, परंतु स्वर तीनच! आतां तर्जनीनें तिसरी तार पहिल्या पडद्यापाशीं दाबा. कोमल गांधाराचा शुद्ध गांधार झाला, आणि उदास स्वरमेळ प्रसन्न झाला. हा ई मेजर. हींच तीन बोटें, मांडणी न मोडतां, एकेक तार बारीक तारांकडे सरकविलीं कीं ए मायनर होतो. मात्र तेथें सहावी तार छेडूं नये.

आवाज घरघरल्यास बोट पडद्यापासून दूर असतें. तें पडद्याच्या अगदीं लगत, खुंट्यांकडील बाजूस टेकावें. एखादी तार मुकी राहिल्यास शेजारचें बोट तिला स्पर्श करीत असतें. बोटें कमानीसारखीं उभीं धरावीं. एकेक तार निराळी छेडून परीक्षा करावी.

खरी कसोटी एका स्वरमेळावरून दुसऱ्यावर जाण्यांत आहे. केरव्याच्या आठ मात्रा सावकाश मोजून प्रत्येक समेवर स्वरमेळ बदलावा. हात चुकला तर लय कमी करावी, परंतु मोडूं नये.

पहिले कांहीं आठवडे बोटांचीं अग्रें दुखतात. पुढें तेथील कातडी घट्ट होते. याच काळांत पुष्कळ मुलें वाद्य खुंटीस टांगतात. म्हणून पालकांस आमची विनंति, कीं पहिल्याच महिन्यांत गाण्याची अपेक्षा करूं नये. रविवारीं दोन तास बसण्यापेक्षां रोजचीं पंधरा मिनिटें अधिक फलदायी होत. आणि वैशाखांत वाद्य तापल्या पत्र्याखालीं ठेवूं नये. आपल्याकडील कोरड्या उन्हानें लांकूड आकसतें व तडकतें. वाद्यास सांवली व मुलास अवधि, एवढें घरानें द्यावें. उरलेलें काम बोटें करितील.