राणीच्या बागेत, वाघाच्या आधी

रे रोड स्टेशनात उतरून पूर्वेला वळलं की दारूखाना लागतो. मोडीत काढलेल्या जहाजांचं लोखंड, पत्र्याची गोदामं, लाकडाच्या वखारी. पश्चिमेला घोडपदेवच्या अंगाने भायखळ्याकडे चालत निघालं, तर वीस-पंचवीस मिनिटांत राणीची बाग येते. एका बाजूला कापलेलं लाकूड घनफुटाच्या भावाने विकलं जातं, दुसऱ्या बाजूला तीन हजारांवर झाडं जिवंत उभी आहेत, आणि त्यांच्याकडे मान वर करून बघणारा माणूस शोधावा लागतो. गर्दी भरपूर असते, रविवारी तर मुंगीला शिरायला जागा नसते. पण ती सगळी पेंग्विन आणि वाघ यांच्या ओढीने आलेली. बागेच्या अधिकृत नावात मात्र क्रम उलटा आहे: वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. वनस्पती आधी, प्राणी नंतर. ही सरकारी शब्दरचनेतली गंमत नाही. ही जागा मुळात झाडांची आहे, आणि पाहुणे म्हणून आलेल्या प्राण्यांनी घरमालकाला अंगणात बसवलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा बागेच्या जन्मातच सापडतो. १८६२च्या नोव्हेंबरात लेडी फ्रियर यांच्या हस्ते ही बाग खुली झाली तेव्हा ती ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेच्या ताब्यात होती. नावाप्रमाणेच शेती आणि बागायत हा तिचा विषय. त्याच महिन्यात शेजारच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिलाही बसली. जगभरची झाडं आणून ती मुंबईच्या हवेत तगतात का हे बघायचं बागेने, आणि देशातला कच्चा माल व कारागिरी मांडून दाखवायची संग्रहालयाने, अशी ती जोडी. १८७३मध्ये बाग नगरपालिकेकडे आली, प्राणिसंग्रहालयाने मग हळूहळू हातपाय पसरले. आज सुमारे ५३ एकरांच्या या जागेत झाडांच्या २८६ जाती नोंदलेल्या आहेत. ही मोजदाद पुढे आली तीही भांडणातून. २००७च्या सुमारास बागेचा कायापालट करण्याची चारशे कोटींच्या वरची योजना निघाली, तेव्हा वनस्पतींचे अभ्यासक आणि नागरिक झाडांच्या बाजूने उभे राहिले. विरोध करायचा तर आधी मोजावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता झाडांकडे. कैलासपती आधी घेऊ, कारण तो चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. बहुतेक झाडं फांद्यांवर फुलतात, हा बुंध्यालाच फुलतो. खोडातून लोंबणाऱ्या दोरखंडासारख्या काटक्या निघतात आणि त्यांवर मांसल, गुलाबी-तांबडी फुलं येतात. फूल हातात घेतलं की आत मध्यभागी पिंड आणि तिच्यावर फणा धरलेला नाग दिसतो. वास जड आणि गोड. त्याच झाडाचं तोफगोळ्याएवढं फळ खाली पडून फुटलं की मात्र नाक धरावं लागतं. शंकराच्या नावाने ओळखलं जाणारं हे झाड आलं दक्षिण अमेरिकेतून. परक्या झाडात आपण आपला देव पाहिला आणि त्याला आपलंसं केलं. गोरखचिंचेचंही तेच. ते आफ्रिकेचं, फुगलेल्या बुंध्याचं झाड गोरखनाथांच्या नावावर जमा आहे.

उर्वशी मात्र वाट बघायला लावते. ही मूळची ब्रह्मदेशची. रे रोडच्या वखारींनी ज्या देशाचा साग एकेकाळी मोजून घेतला त्याच देशाची. थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिच्या फांद्यांवरून लांब देठांचे घोस उलटे लोंबतात, झुंबर टांगावं तसे. फुलं शेंदरी-लाल, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. कोवळी पालवीसुद्धा बघण्यासारखी. तपकिरी-गुलाबी रंगाची, ओल्या रुमालासारखी गळून पडलेली. बघणाऱ्याला वाटतं झाड सुकलं, आणि काही दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ होतात. उर्वशी बी क्वचितच धरते, म्हणून तिची रोपं गुटी कलमाने करावी लागतात, आणि म्हणूनच ती दुसरीकडे सहज भेटत नाही. पावसाळा सरता सरता कोल्विलिया फुलतो. हा गुलमोहराचा मादागास्करी भाऊबंद, द्राक्षांच्या घडांसारखे नारिंगी घोस घेऊन येणारा. शिवाय खोडाला पिवळ्या मेणबत्त्या टांगाव्यात तशी फळं धरणारं मेणबत्तीचं झाड आहे, आणि दुधी भोपळ्यासारखी फळं लोंबवणारा ब्रह्मदंडही.

यावर पहिली हरकत अशी येईल की झाडं काय, सगळीकडेच असतात. त्यांच्यासाठी तिकीट कोण काढणार? हरकत रास्त वाटते, पण एक साधी कसोटी लावून पाहावी. मुंबईकराला अशोक दाखवा म्हटलं तर तो सोसायटीच्या कंपाउंडला लावलेल्या उंच, शेलाट्या, लोंबत्या पानांच्या रांगेकडे बोट दाखवेल. तो आसुपालव. खरा सीतेचा अशोक म्हणजे वसंतात नारिंगी-लाल गुच्छांनी भरणारं, डेरेदार, सावलीचं झाड, आणि ते राणीच्या बागेत आहे. सगळीकडे असलेल्या झाडाचं नावच आपण चुकवतो, तर २८६ जाती एका जागी उभ्या असण्याची किंमत कमी कशी मानायची?

दुसरी हरकत पालकांची असते: मुलांना प्राणीच हवे असतात, पानाफुलांत त्यांचं मन रमत नाही. मुलांना प्राणी हवेत हे खरं, आणि पिंजरे उद्या रिकामे करा असं माझं म्हणणंही नाही. पण पेंग्विनच्या काचेसमोरून रांग पुढे सरकते, पाच-दहा मिनिटांत दर्शन आटोपतं. वाघ दुपारी झोपलेला असतो, आणि झोपलेल्या वाघाला मुलं किती वेळ बघणार? त्याउलट तोफगोळ्याचं झाड, मेणबत्तीचं झाड ही नुसती नावंच मुलाला थांबवायला पुरेशी आहेत. मुलं कंटाळतात कारण बरोबरच्या मोठ्यांना नावं ठाऊक नसतात. जगात उदाहरणही आहे. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात १८७५मध्ये प्राणिसंग्रह सुरू झाला आणि १९०५मध्ये तो बंद करून उद्यानाने लक्ष झाडांकडे वळवलं. २०१५मध्ये त्या उद्यानाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथेही माणसं मुलांना घेऊनच जातात.

झाडांखेरीज बागेच्या आवारात दगडही बोलके आहेत. शेजारच्या त्या वस्तुसंग्रहालयापाशी, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच्यामुळे. १८६४मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा बेत झाला, उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुन्हा जुळवून उभे केले गेले. जवळ जाऊन पाहिलं तर अंगावरचे सांधे दिसतात. लाखो लोक बोटीने घारापुरीला जातात, आणि ज्याच्यावरून त्या बेटाला ते नाव पडलं तो इथे भायखळ्यात उभा. काळा घोडाही इथलाच रहिवासी. १९६५मध्ये फोर्टातून हलवलेला, सातवा एडवर्ड पाठीवर घेतलेला मूळ पुतळा हाच. फोर्टात २०१७ साली बसवलेला घोडा नवा, आणि स्वार नसलेला. १८९६मध्ये चापेकरांनी ज्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, तीही फुटक्या नाकाने याच आवारात आहे. ही गुलामीची अडगळ कशाला बघायची, असं कुणी म्हणेल. चौकात, चौथऱ्यावर होती तेव्हा तिला मान होता, तो काढून घेतला हे योग्यच झालं. इथे मात्र ती पदच्युत होऊन बसली आहे, आणि साम्राज्य उतरलं कसं हे दाखवायला पुस्तकापेक्षा हा कोपरा सरस आहे. संग्रहालयाची इमारत १८७२मध्ये खुली झाली, १९७५मध्ये तिला भाऊ दाजींचं नाव मिळालं. आतले मातीचे छोटे पुतळे, त्यांच्या पगड्या आणि पोशाखांसकट, निवांत तासभर मागतात.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, आणि लालबाग-परळच्या घराला तो लागतोच. २०१७मध्ये पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं, चौघांच्या कुटुंबाला शंभर. ही वाढ पेंग्विनपाठोपाठ आली, तेव्हा प्राण्यांमुळेच बागेचा खर्च निघतो असं म्हणता येईल. म्हणता येईल, पण मग शंभर रुपये मोजून दहा मिनिटांचे पेंग्विन पाहून परतणं हा तोट्याचाच व्यवहार. त्यापेक्षा वर्षातून तीनदा, म्हणजे थंडीत उर्वशीसाठी, वसंतात सीतेच्या अशोकासाठी आणि पावसाळा संपताना कोल्विलियासाठी गेलं, तर प्रत्येक वेळी वेगळी बाग बघायला मिळते. सकाळी लवकर जा आणि आधी झाडांकडे वळा; वाघ कुठे पळून जात नाही. फक्त वार बघून निघा, बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.