तंबोऱ्याचा खर्ज

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची, बहुधा पितळेची, तार मंद्र षड्जात मिळवितात. तीच खर्जाची तार होय. तिला केवळ आधारस्वर मानणे अपुरे ठरेल. घोडीवरील दोऱ्याने जवारी साधली म्हणजे या तारेतील उपस्वर ठळक होतात. मूळ कंपनसंख्येच्या तिपटीवर पंचम व पाचपटीवर गांधार उमटतो. या गांधारास ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात. १२०० सेंटांच्या सप्तकात त्याचे स्थान सुमारे ३८६ सेंटांवर येते, तर समविभागी पद्धतीने जुळविलेल्या पेटीचा गांधार ४०० सेंटांवर असतो. एवढे अंतर तयार कानास जाणवते. तेव्हा कोणता गांधार प्रमाण मानावा, हा निव्वळ रुचीचा प्रश्न नव्हे. त्याचा निर्णय सर्वांत खालची तार देते. खर्ज ढळला, की गांधारासही ठाव राहत नाही.