डोंगराची माती : तिची खोली आणि तिचा निचरा

पेरणाऱ्याचा दाखला आमच्या शाळेतील लहानथोर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातील काही बी खडकाळ जागी पडले. तेथे माती फार नव्हती, म्हणून ते लवकर उगवले खरे, परंतु ऊन चढताच करपून गेले. या दाखल्याचा आध्यात्मिक अर्थ प्रार्थनेच्या वेळी पुष्कळदा सांगण्यात येतो. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, शेतीच्या दृष्टीनेही तो दाखला अक्षरशः खरा आहे. पातळ माती लवकर तापते, म्हणून बी तिच्यात लवकर फुटते. परंतु मुळांस खाली जावयास वाट नसते आणि वरचा ओलावा दोन दिवसांत उडून जातो. गालील सरोवराच्या परिसरात आमच्याकडल्यासारखाच काळा ज्वालामुखीय पाषाण आहे. कफर्णहूम येथील जुन्या घरांच्या भिंती त्याच पाषाणाच्या आहेत. तेव्हा तो दाखला प्रथम ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जी जमीन उभी राहिली असेल, ती पिशोरच्या माळावरील जमिनीहून फारशी निराळी नसावी.

पिशोर हे कन्नड तालुक्यातील गाव अंजना नदीच्या परिसरात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिण अंगास वसले आहे. अंजनेचे पाणी पूर्णेस व पूर्णेचे गोदावरीस मिळते. त्याच रांगेच्या उत्तर कड्यावर पडलेले पाणी मात्र खानदेशात उतरून तापीच्या वाटेस लागते. हे सर्व डोंगर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या तप्त रसाचे थर एकावर एक साचून झालेले आहेत. थर कठीण असेल तेथे उभा कडा राहिला, ठिसूळ असेल तेथे झिजून सपाटी झाली. म्हणून दुरून पाहता आमचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. युरोपियन शास्त्रज्ञांनी या पाषाणास ‘ट्रॅप’ हे नाव दिले, तेही जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून.

पाषाणापासून माती होते हे क्रमिक पुस्तकात असतेच. परंतु एकच पाषाण, एकच पाऊस, आणि तरीही एका डोंगरावर तीन प्रकारच्या जमिनी का आढळतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांस क्वचितच पडतो. हान्स येनी या शास्त्रज्ञाने १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मातीच्या घडणीची पाच कारणे मांडली : हवामान, जीवसृष्टी, जमिनीचा उंचसखलपणा, मूळचा खडक व काळ. आमच्या डोंगरावर जो भेद दिसतो, तो मुख्यत्वे तिसऱ्या कारणाचा.

माथ्यावर व तीव्र उतारावर बरड जमीन असते. वीतभर तांबूस माती, तिच्यात खडे, आणि लगेच मुरूम. पाणी तिच्यातून झरकन निघून जाते. खाली नदीकाठच्या सखल भागात काळी जमीन असते. ती खोल, कसदार, परंतु चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात पाय अडकावा एवढ्या भेगा पाडते, आणि सलग झड लागली म्हणजे तिच्यातले पाणी हलावयाचे नाव घेत नाही. येणेप्रमाणे निसर्गाने एकीस निचरा दिला व खोली दिली नाही. दुसरीस खोली दिली व निचरा दिला नाही. या दोहोंच्या मध्ये, डोंगराच्या पायऱ्यांवर व पायथ्याच्या सौम्य उतारावर, काही थोड्या जागी असा पट्टा सापडतो की जेथे माती खोलही असते आणि निचऱ्याचीही असते. या लेखाचा विषय तोच पट्टा.

तेथे कंबरभर खड्डा खणून पाहावा. वरची वीतदीड वीत माती काळसर, मुळांनी विणलेली, हातात घेताच दाणेदार सुटणारी अशी असते. तिच्याखाली तपकिरी थर. तो थोडा घट्ट, पण त्यातही गांडुळांची व कुजलेल्या मुळांची भोके दिसतात. त्याखाली पिवळसर मुरूम, व मग पाषाण. मृदाशास्त्रज्ञ एक मीटरहून अधिक खोल मातीस ‘खोल’ म्हणतात. रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. तपकिरी किंवा तांबूस रंग म्हणजे मातीतील लोहास हवा मिळते आहे, अर्थात् पाणी तुंबत नाही. खालच्या थरात राखी रंग व त्यात गंजासारखे ठिपके दिसले, तर तेथे पावसाळ्यात पाणी साचून राहते असे खुशाल समजावे.

निचरा चांगला म्हणजे पाणी लवकरात लवकर पळून गेले पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. मातीच्या कणांमध्ये मोठी व बारीक अशी दोन प्रकारची छिद्रे असतात. पाऊस थांबल्यावर मोठ्या छिद्रांतील पाणी एकदोन दिवसांत खाली झिरपते व त्यांच्यात हवा शिरते. बारीक छिद्रांतील पाणी मात्र मातीस धरून राहते व तेच पुढे मुळांस पुरते. या स्थितीस आमचे शेतकरी ‘वापसा’ म्हणतात. एका शब्दात एवढे शास्त्र साठविणारी भाषा आपली आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. निचऱ्याच्या जमिनीत वापसा लवकर येतो. काळीत तो येण्यास कित्येक दिवस लागतात, आणि तोवर औत घालता येत नाही.

खोलीचा हिशोब पाहा. एक सेंटीमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी एक लक्ष लिटर पाणी. मध्यम पोताची एक मीटर खोल माती पिकाच्या उपयोगी पडेल असा सुमारे १५ सेंटीमीटर पाऊस पोटात ठेवू शकते; वीतभर मुरमाड मातीत २ सेंटीमीटरांच्या आसपासच काय तो मावतो. आपल्याकडे पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ देणे हे नित्याचे. त्या दिवसांत माथ्यावरील गवत पिवळे पडते व पायरीवरील हिरवे राहते, याचे कारण हेच.

पालकांपैकी जे आले लावतात, त्यांस हे सांगावयास नकोच. आल्याच्या कंदास खोल, भुसभुशीत माती हवी, आणि पाणी तुंबले की कंदकूज लागून वर्षभराचा खर्च मातीत जातो. काळीत आले घेणारे उंच गादीवाफे करितात, ते याचसाठी : जो निचरा जमिनीने दिला नाही, तो हाताने निर्माण करावयाचा.

आता डोंगरातील चांगली माती टिकते कशाने, ते पाहू. ती गवताने टिकते. शेडा, पवन्या, मारवेल ही बारमाही गवते. त्यांची मुळे खोल जातात, मातीस दाणेदारपणा आणितात, आणि पानांचे छत्र पावसाच्या थेंबाचा मार स्वतः झेलते. गुरांस हीच गवते आवडतात, म्हणून अतिचराईत प्रथम हीच नाहीशी होतात. त्यांच्या जागी कुसळी फोफावते, जिची कुसळे मेंढीच्या लोकरीत व जनावराच्या तोंडात रुततात; आणि शेवटी उरते ते पावसाळ्यापुरते खुरटे गवत व गुरे ज्यास तोंड लावीत नाहीत तो तरवड. चराऊ रानात कोणते गवत उभे आहे हे पाहून खालच्या मातीची दशा ओळखता येते. खुरांनी दाबलेल्या उघड्या जमिनीत पाणी मुरत नाही. ते वरून धावते व माती घेऊन जाते. हेक्टरभर जमिनीवरून केवळ एक मिलिमीटर माती गेली, तर ती सुमारे १३ टन भरते. डोळ्यांस मात्र काहीच गेलेले दिसत नाही! आणि एक इंच माती नव्याने घडावयास शेकडो वर्षे लागतात. ती माती अखेर नदीत व जलाशयात गाळ होऊन बसते, म्हणजे वरचे रानही गेले आणि खालच्या पाण्याची जागाही गेली.

यात शेळ्या वळणाऱ्या गरीब कुटुंबांस दोष देणे आम्हांस मान्य नाही. ज्यास स्वतःचे शेत नाही, त्याचे गायरान हेच शेत. ते रान उजाड झाले तर पहिली झळ त्यासच लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने मोकाट चराई बंद केली, उतारावर समपातळीत चर खणले, आणि गवत कापून नेण्यास मोकळीक ठेविली. गुरे रानात जाण्याऐवजी रान गोठ्यात आले. मुळे शाबूत राहिल्यामुळे गवत पुन्हा फुटले व पाणी मुरू लागले. अर्थात् असा नियम सर्व गावाने मिळून केला तरच चालतो. एकट्याने आपली शेळी बांधून ठेवली तर शेजाऱ्याची शेळी ते गवत खाऊन जाते.

विद्यार्थ्यांनी सुटीत एक प्रयोग करून पाहावा. माळ, पायथा व काळी अशा तीन ठिकाणी, घरच्यांची किंवा जमीनमालकाची परवानगी घेऊन, फूटभर खोल व वीतभर रुंद खड्डा करावा. तो एकदा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावा, वर आडवी काठी ठेवावी, आणि तिच्यापासून पाण्याची पातळी दर तासास किती उतरते ते पट्टीने मोजून वहीत लिहावे. तासास अडीच ते साडेसात सेंटीमीटर पाणी उतरले तर निचरा उत्तम. त्याहून फार कमी असेल तर जमीन पाणी धरून बसणारी. दहाच्या वर गेले तर पाणी न थांबणारी. मोजणी झाली म्हणजे खड्डा माती लोटून नीट बुजवावा, कारण गवतात झाकलेल्या उघड्या खड्ड्यात गुराचा पाय मोडतो.