संदेशवहनातील अग्रक्रम आणि ‘सर्वसाधारण वर्ग’

‘ई-संजीवनी’ ही केंद्र शासनाची दूरवैद्यक सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्याद्वारे खेड्यातील रुग्णास दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो. मात्र सल्लामसलत चालू असतानाच त्याच वाहिनीवरून एखादी मोठी फाईल पाठविली जाऊ लागली, तर रुग्णाचे बोलणे डॉक्टरांपर्यंत तुटक पोहोचते. हा दोष पुष्कळदा वाहिनीचा नसून राऊटरवरील व्यवस्थेचा असतो.

राऊटर हे दोन जाळ्यांच्या नाक्यावर बसविलेले यंत्र होय. निराळी सूचना नसल्यास ते माहितीची पॅकेटे आगमनाच्या क्रमाने पुढे पाठविते. सेकंदाला २० लाख बिट वाहून नेणाऱ्या वाहिनीवर १,५०० बाइटच्या पॅकेटास ६ मिलिसेकंद लागतात. आवाजाच्या पॅकेटापुढे अशी ३० पॅकेटे उभी असल्यास १८० मिलिसेकंद रांगेतच जातात. संभाषणाच्या एकमार्गी प्रवासास १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब योग्य, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

यास्तव वर्गवारी करावी लागते. १९९८ मध्ये निश्चित झालेल्या इंटरनेट मानकानुसार पॅकेटाच्या शीर्षभागात ६ बिटांचे चिन्ह असते. त्यातून ६४ मूल्ये मिळतात. आवाजासाठी ४६ हे मूल्य वापरण्याचा प्रघात आहे. ० म्हणजे सर्वसाधारण वर्ग. कोणत्याही नियमात न बसणारे प्रत्येक पॅकेट या वर्गात जमा होते.

या वर्गाकडे दुर्लक्ष होता कामा नये. शाळेचे कामकाज वा दाखल्यांचे अर्ज यांसाठी वेगळा नियम नसेल, तर तेही येथेच येतात. म्हणून आवाजाच्या अग्रक्रमास कमाल मर्यादा घालावी आणि सर्वसाधारण वर्गास वाहिनीचा निश्चित हिस्सा राखून ठेवावा. तसेच बाहेरील उपकरणाने स्वतःच लावलेले चिन्ह विनातपासणी मान्य करू नये. ओळख न पटलेल्या पॅकेटावर प्रवेशद्वारीच ० चिन्ह लावावे. कोणत्या वर्गात किती पॅकेटे आली व किती गळाली, हे राऊटरची मोजणी दाखविते. ती वेळोवेळी पाहावी.

वर्गवारीमुळे वाहिनीची क्षमता वाढत नाही; आहे त्या क्षमतेचे वाटप तेवढे होते. सर्वांनाच पहिला क्रमांक दिल्यास तो कोणासच मिळत नाही. तेव्हा प्रथम काय जावे, हा निर्णय केवळ तंत्रज्ञावर न सोपविता पंचायत, शिक्षक आणि वैद्यकीय अधिकारी यांनी एकत्र बसून घेणे इष्ट होय.