विदर्भाचा रणजी हंगाम आणि वऱ्हाडची पोरं

रणजी करंडक ही भारतातील राज्य संघांची प्रथम श्रेणी क्रिकेट स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या नावाचा एक संघ तिच्यात खेळत असे. विदर्भ हा स्वतंत्र संघ म्हणून १९५७-५८ च्या हंगामात उतरला. त्यानंतर करंडक हाती यायला साठ वर्षे लागली. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला ९ गडी राखून हरवून विदर्भ प्रथमच विजेता झाला. अंतिम सामन्याच्या अकरा जणांत अकोल्याचा एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे होता आणि प्रथम श्रेणीतला तो त्याचा पहिलाच सामना होता.

विदर्भ क्रिकेट संघटनेच्या कक्षेत विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. त्यांपैकी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम हे पाच जिल्हे म्हणजे वऱ्हाड. मोठी मैदाने, संघटनेचे कार्यालय आणि गुझदर लीगसारखी जुनी क्लब स्पर्धा नागपुरात असल्याने क्रिकेटचे केंद्र तेच राहिले. वऱ्हाडातल्या मुलाची वाट जिल्हा संघातून आणि आंतरजिल्हा स्पर्धेतून विदर्भाच्या वयोगट संघाकडे जाते. त्यासाठी अकोल्याहून अडीचशे आणि अमरावतीहून दीडशे किलोमीटरचा प्रवास ठरलेला असतो. मुलाच्या खेळात आई-वडिलांच्या रजा आणि पैसेही असे खर्ची पडत असतात.

आधीची पिढी

वऱ्हाडात गुणी खेळाडूंचा तुटवडा कधीच नव्हता. यष्टिरक्षक-फलंदाज हेमंत कानिटकर यांचा जन्म १९४२ मध्ये अमरावतीत झाला. १९७४-७५ मध्ये ते वेस्ट इंडिजविरुद्ध भारताकडून दोन कसोटी सामने खेळले आणि पदार्पणाच्या डावातच त्यांनी ६५ धावा केल्या. त्यांची रणजी कारकीर्द मात्र महाराष्ट्र संघाकडून झाली. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरात जन्मले, पण त्यांनी रणजी करंडक चार वेळा जिंकून दिला तो इंदूरच्या होळकर संघाला. चांगल्या खेळाडूने बाहेर जाऊन नाव कमवायचे, ही विदर्भाची जुनी रीत होती. विदर्भाकडून खेळत कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू, वेगवान गोलंदाज उमेश यादव, २०११ मध्ये मिळाला.

दरम्यान पाया घातला जात होता. २००८ मध्ये नागपूरजवळ जामठ्याचे नवे स्टेडियम सुरू झाले. अकादमी, वयोगट संघ आणि सरावाच्या सोयी वाढल्या. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशा लागोपाठ दोन हंगामांत संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. प्रत्येक राज्य संघाला बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. विदर्भाने कर्ण शर्मा, कर्नाटकचा गणेश सतीश आणि मुंबईचा वसीम जाफर यांना आणले. २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. मुंबईला विजेतेपदे मिळवून दिलेल्या पंडितांची शिस्त कडक म्हणून प्रसिद्ध आहे. कर्णधारपद नागपूरचा सलामीवीर फैज फजल याच्याकडे होते.

गटातील सहा सामने

रणजीचा गटसामना चार दिवसांचा असतो. निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात. विजय एका डावाने किंवा दहा गडी राखून मिळाला, तर एक गुण जादा. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि पिछाडीवरच्या संघाला १ गुण मिळतो. या गणितामुळे पहिल्या डावातील एकेक धाव मोलाची ठरते आणि शेवटच्या जोडीलाही खेळपट्टीवर चिवटपणे उभे राहावे लागते.

२०१७-१८ मध्ये विदर्भाच्या गटात पंजाब, बंगाल, सेनादल, हिमाचल प्रदेश, गोवा आणि छत्तीसगड हे संघ होते. ऑक्टोबरमध्ये मोहालीत पंजाबला डावाने हरवून सुरुवात झाली. कल्याणीत बंगालवर दहा गडी राखून विजय मिळाला. त्या सामन्यात फजल आणि संजय रामास्वामी या सलामीच्या दोघांनीही शतके ठोकली. सहा सामन्यांत चार विजय, दोन अनिर्णित आणि ३१ गुण अशा हिशेबाने विदर्भ गटात पहिला आला. फजलने त्या हंगामात ९१२ धावा केल्या. संपूर्ण स्पर्धेत त्याच्यापेक्षा जास्त धावा फक्त कर्नाटकच्या मयंक अग्रवालच्या होत्या.

गोलंदाजीत नाव गाजले ते रजनीश गुरबानीचे. नागपूरच्या या मध्यमगती गोलंदाजाने स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आहे. सहा सामन्यांत त्याने ३९ बळी घेतले आणि त्यांतले बहुतेक बाद फेरीत, म्हणजे सर्वांत गरजेच्या वेळी.

सुरत आणि कोलकाता

बाद फेरीचे सामने पाच दिवसांचे आणि त्या हंगामात तटस्थ मैदानांवर होते. सुरतेत उपांत्यपूर्व सामन्यात केरळविरुद्ध विदर्भाचा पहिला डाव २४६ धावांत आटोपला. गुरबानीने पाच बळी घेऊन केरळला १७६ वर रोखले. दुसऱ्या डावात फजलच्या शतकाच्या जोरावर विदर्भाने ९ बाद ५०७ वर डाव घोषित केला. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने ४१ धावांत ६ बळी घेत केरळला १६५ धावांत गुंडाळले. विजय ४१२ धावांचा होता.

ईडन गार्डन्सवरचा उपांत्य सामना या हंगामाचा कळस म्हणावा लागेल. कर्नाटकसमोर विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत संपला. करुण नायरच्या १५३ धावांमुळे कर्नाटकने ३०१ धावा केल्या आणि ११६ धावांची आघाडी घेतली. दुसऱ्या डावात गणेश सतीशच्या ८१ आणि सरवटेच्या ५५ धावांनी विदर्भाला ३१३ पर्यंत नेले. कर्नाटकला १९८ धावांचे लक्ष्य मिळाले.

चौथ्या दिवसाअखेर कर्नाटकची अवस्था ७ बाद १११ होती. पाचव्या दिवशी, २१ डिसेंबरच्या सकाळी, त्यांना ८७ धावा हव्या होत्या आणि विदर्भाला तीन बळी. कर्णधार विनय कुमारने ३६ धावा केल्या, अभिमन्यू मिथुनने ३३. श्रेयस गोपाल एक टोक धरून उभा होता. एकेका धावेने अंतर कमी होत गेले. आता सामना कर्नाटकचाच, असे वाटत असताना शेवटचा गडी १९२ वर बाद झाला. विदर्भ अवघ्या ५ धावांनी जिंकला. गुरबानीने दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ आणि सामन्यात एकूण १२ बळी घेतले. साठ वर्षांत विदर्भ प्रथमच रणजीच्या अंतिम फेरीत गेला.

इंदूरचे चार दिवस

अंतिम सामना २९ डिसेंबरला सुरू झाला. उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेल्याने वेगवान गोलंदाजाची एक जागा रिकामी झाली होती. ती अकोल्याच्या आदित्य ठाकरेला देण्यात आली. प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळलेल्या पोराच्या हाती अंतिम सामन्यात नवा चेंडू देणे धाडसाचे होते. आदित्यने दिल्लीचा सलामीवीर कुणाल चंडेलाला शून्यावर बाद केले आणि पहिल्या डावात दोन बळी मिळवले.

दिल्लीकडून ध्रुव शोरी १४५ धावांपर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला साथ देणारे खालच्या फळीतले फलंदाज टिकले, तर दिल्ली साडेतीनशेच्या पुढे जाणार, हे दिसत होते. तेव्हा गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचा त्रिफळा उडवला. पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर शतकवीर शोरीच्या यष्ट्या उखडल्या गेल्या. तिन्ही बळी त्रिफळाचीत होते. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅट्‌ट्रिक याआधी फक्त तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी, १९७२-७३ मध्ये साधली होती. दिल्लीचा डाव २९५ वर संपला. गुरबानीचे आकडे होते ५९ धावांत ६ बळी.

विदर्भाच्या डावात फजलने ६७ आणि जाफरने ७८ धावा केल्या, पण सामना फिरवला तो खालच्या फळीने. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने कारकिर्दीतले पहिले प्रथम श्रेणी शतक, १३३ धावा, नेमके अंतिम सामन्यात काढले. सरवटेने ७९ धावा करत त्याच्यासोबत १६९ धावांची भागीदारी केली. सिद्धेश नेरळने ७४ धावा जोडल्या. ५४७ ही धावसंख्या दिल्लीच्या आवाक्याबाहेरची होती. ऑफस्पिनर अक्षय वखरेने चार बळी घेतले, दिल्लीचा दुसरा डाव २८० वर आटोपला आणि २९ धावांचे लक्ष्य विदर्भाने चौथ्याच दिवशी गाठले. विजयी फटका जाफरचा होता. मुंबईसोबत आठ वेळा करंडक जिंकलेल्या जाफरचे हे नववे विजेतेपद. नायडूंनी ज्या इंदूरला मोठे केले, त्याच इंदुरात विदर्भाला पहिला करंडक मिळाला.

त्यानंतर महिन्याभरातच आदित्य ठाकरेला न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक खेळणाऱ्या भारतीय संघासाठी राखीव गोलंदाज म्हणून बोलावणे आले. मार्चमध्ये नागपुरात झालेल्या इराणी चषकात विदर्भाने शेष भारताविरुद्ध ७ बाद ८०० धावांचा डोंगर उभा केला. त्यात जाफरच्या २८६ धावा होत्या. पहिल्या डावातील आघाडीवर तो चषकही विदर्भाकडे आला.

यशाचे सातत्य

पहिले यश योगायोगाचे नव्हते, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. त्यात सरवटेचे ११ बळी होते. पुन्हा जिंकलेल्या इराणी चषकाची बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामा हल्ल्यातील हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना दिली.

२०२३-२४ मध्ये मुंबईकडून अंतिम सामना गमावल्यावर २०२४-२५ चा हंगाम आला. कर्णधार आता अक्षय वाडकर होता. इंदुरात विदर्भाविरुद्ध शतक करणारा ध्रुव शोरी आणि कोलकात्यात १५३ धावा करणारा करुण नायर, हे दोघेही व्यावसायिक खेळाडू म्हणून विदर्भाकडून खेळत होते. उलट सरवटे केरळकडे गेला होता. विदर्भाने उपांत्यपूर्व फेरीत तामिळनाडूला १९८ आणि उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवले. नागपुरात अंतिम सामना झाला तो केरळशीच. सरवटेने विदर्भाविरुद्ध ७९ धावा केल्या. सात वर्षांपूर्वी विदर्भाकडूनही त्याने अंतिम सामन्यात तेवढ्याच केल्या होत्या.

त्या सामन्यात ३ बाद २४ अशा घसरगुंडीनंतर दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. नायरने ८६ आणि १३५ धावा काढल्या. सामना अनिर्णित राहिला, पण विदर्भाच्या ३७९ धावांसमोर केरळ ३४२ वर थांबल्याने ३७ धावांच्या आघाडीवर २ मार्च २०२५ रोजी तिसरा करंडक मिळाला. डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातील हा विक्रम आहे.

वऱ्हाडचा वाटा

याच अंतिम सामन्यात अकोला क्रिकेट क्लबमध्ये घडलेल्या दर्शन नळकांडेने पहिल्या डावात तीन बळी घेतले आणि शेवटच्या दिवशी नाबाद ५१ धावा केल्या. २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार बळी घेणारा गोलंदाज तो हाच. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा विदर्भाकडून खेळत २०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघात पोहोचला आणि २०२५ मध्ये बंगळुरूच्या पहिल्या आयपीएल विजेतेपदाचा वाटेकरी झाला. अमरावतीच्याच भारती फुलमाळीने २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारतीय महिला संघातून ट्वेंटी-२० सामने खेळले.

खेळाडूच्या मिळकतीतही फरक पडला आहे. २०२१ पासून रणजी खेळाडूला अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मानधन मिळते. क्रिकेटवर घर चालते, हे जिल्ह्याच्या गावातल्या पालकांना आता आकड्यांत सांगता येते. कानिटकरांना अमरावती सोडून दुसऱ्या संघातून नाव कमवावे लागले होते. आजच्या मुलाला विदर्भाच्या टोपीतच तो मान मिळतो. ही वाट रुंद व्हायची, तर तालुक्याच्या गावात खेळपट्टी, चेंडू आणि शिकवणारा माणूस पोहोचला पाहिजे. संघटनेने आणि पालकांनी मिळून करायचे काम ते आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी चषक तिसऱ्यांदा जिंकला. त्या सामन्याचा मानकरी ठरला १४३ धावा करणारा अथर्व तायडे. तो अकोल्याचा आहे.