आधी डिस्क खरं बोलते का ते पाहा

५ जानेवारीला कॉम्प्युटर सुरू केला, की काम अडायचं. ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नसे. जून १९९० मध्ये भारतात सापडलेला हा ‘जोशी’ व्हायरस पुढे जगभर हिंडला. कोणते जोशी, हा पुणेकरांचा प्रश्न रास्तच. पण दुरुस्ती करणाऱ्याला छळायची ती त्याची दुसरी खोड. तो हार्ड डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये ठाण मांडी आणि कुणी तो सेक्टर वाचू लागलं, की मूळ, निरोगी प्रत पुढे करी.

अशी यंत्रं ज्यांच्या टेबलावर येत, त्यांत पुण्याचे कैलास काटकर होते. मूळ सातारा जिल्ह्यातले. शिक्षण दहावीपाशी थांबलेलं, हात कॅल्क्युलेटर दुरुस्तीत तयार झालेला, मग कॉम्प्युटर. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. दुकानात येणाऱ्या यंत्रांसाठी त्यांनी व्हायरस काढायचे छोटे प्रोग्राम लिहिले, त्यांतूनच ‘क्विक हील’ उभं राहिलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मला मात्र तिच्या भांडवलापेक्षा त्या टेबलावरची, आधी डिस्क खरं बोलते का ते पाहण्याची शिस्त मोलाची वाटते.

ती का लागे, हे ‘डिर-टू’ या व्हायरसवरून कळतं. डॉसमध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीत तिचा पहिला क्लस्टर कुठे, तो आकडा असतो. डॉस आणि डिस्क यांच्यामधल्या ड्रायव्हरलाच हा १०२४ बाइटचा व्हायरस चिकटे, सगळ्या प्रोग्रामांचा तो आकडा आपल्या जागेकडे वळवी आणि खरा आकडा सांकेतिक रूपात नोंदीच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवी. व्हायरस जागा असेतो सगळं सुरळीत! स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं, की ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामला शेकडो फाइली एकमेकींत गुंतलेल्या दिसत. घाईनं ‘/एफ’ लावून दुरुस्ती केली, की प्रोग्रामांचे तुकडे ‘.सीएचके’ फाइलींत जमा. व्हायरसनं राखलेलं चेकडिस्कनं मारलं.

उपाय गमतीदार होता. व्हायरस जागा असतानाच सगळ्या ‘.ईएक्सई’ आणि ‘.कॉम’ फाइलींची आडनावं बदलायची. प्रोग्राम नसलेल्या फाइलीत त्याला रस नसल्यामुळे तो खरा आकडा स्वतःच परत करी. मग स्वच्छ, खाच बुजवलेल्या (म्हणजे जिच्यावर काही लिहिता येत नाही अशा) फ्लॉपीवरून यंत्र सुरू करून नावं पूर्ववत करायची.

व्हायरस नसतानाही असाच चकवा बसे. जुन्या बायोसला ५०४ एमबीच्या पुढची डिस्क दिसत नसे, म्हणून ‘डिस्क मॅनेजर’सारखा ड्रायव्हर डिस्कच्या आरंभीच बसवत. तो टाळून फ्लॉपीवरून सुरू केलं, की धडधाकट डिस्क विस्कटलेली दिसे. अशा वेळी फॉरमॅट, चेकडिस्क काही चालवायचं नाही. पूर्वी तो ड्रायव्हर होता का, हे गिऱ्हाइकाला विचारायचं. मग दुसऱ्या डिस्कवर सेक्टर-सेक्टर नक्कल घ्यायची आणि सगळे प्रयोग त्या नकलेवर करायचे.